आडव्या फटी, उभ्या फटी

टॅक्सीतून उतरताना आत्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं की गॅरेजबाहेरच्या त्या भिंतीकडे बघायचंच नाही. आणि उतरल्या उतरल्या पहिली नजर गेली ती भिंतीकडेच. आता नजरेचं काय करणार? गुडघ्यांना दामटून चालवता येतं, नजर काही ऐकत नाही. बंदराकडून येणाऱ्या चढाच्या वळणावर भिंत होती तशीच होती, कमरेएवढी, वरचा थर बसून बसून गुळगुळीत झालेला. एकतीस वर्षांत तिला कुणी साधा चुनाही लावलेला दिसत नव्हता.

तेवढ्यात चढावरून घरघर आली आणि आत्याची मान आपोआप तिकडे वळली. पांढरं छत, मागच्या कोपऱ्यांत वळलेल्या काचा, पुढच्या मडगार्डांवर इंडिकेटर. "लँड क्रूझर, चाळीस सिरीज," ती पुटपुटली. "इंजिन मात्र अलीकडचं बसवलंय मेल्यानं." गाडीवाल्यानं हसून हात हलवला. म्हातारी आपल्याला आशीर्वाद देतेय असं त्याला वाटलं असावं.

भाचीचा फोन तीन दिवसांपूर्वी आला होता. भाची म्हणजे धाकट्या भावाची, नानांची मुलगी, जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकते आणि बोलायला लागली की श्वास घ्यायचं विसरते. "आत्या, ऐक. महिनाअखेर गॅरेजची जागा सोडायची आहे. दादानं सगळं हलवायला घेतलंय. ती गाडीसुद्धा. एक शौकीन माणूस आहे, त्याच्याकडे अशीच एक आहे, त्याला हिचा गिअरबॉक्स आणि काही पत्रा पाहिजे. बाकीची कापून भंगारात. शनिवारी चारला त्याचा ट्रक येणार. नानांनी एवढंच सांगितलंय की ताईला परत एकदा बघू दे. ती म्हणाली आपली नव्हे, तर न्या. म्हणाली आपली, तर कुणी हात लावायचा नाही."

"आणि तो स्वतः काय म्हणतो?"

"काहीच नाही. म्हणतात, मी सांगायचं नसतं."

आत्यानं फोन ठेवला. 'सांगायचं नसतं' हा या घराचा कायदा होता, आणि तो केला होता आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी. संध्याकाळी काम आटोपलं की आप्पा हाताला तेल तसंच ठेवून चहाचा पेला घेत, दोन्ही पोरांना भिंतीवर बसवत आणि म्हणत, "ओळखा." बंदरात उतरलेल्या जपानी गाड्या याच चढानं वर यायच्या. नाव आधी घ्यायचं नाही, खुणा आधी. तीन खुणा. एक पुढची, एक मागची आणि एक कानाची. गाडीवरची अक्षरं वाचली की पोरगं बाद. "अक्षरं काय, कुणीही चिकटवतं," आप्पा म्हणत. नंबर वाचणं तर त्यांच्या लेखी चोरीच्या जवळपास होतं.

आणि चुकलं की? चुकलं की आप्पा फक्त दोन शब्द बोलत. "परत बघ." उत्तर सांगायचं नाही. स्वतः ओळखेपर्यंत बघत राहायचं, मग दिवस जावोत की आठवडा. 'पॅट्रोल' नावाच्या एका जपानी जीपवर कुणीतरी भलतंच बॉनेट चढवलं होतं, तिच्यापायी आत्या नऊ वर्षांची असताना चार दिवस भिंतीवर बसली होती, जेवणसुद्धा तिथंच. पाचव्या दिवशी ओळखली, तेव्हा कुठं आप्पा म्हणाले, "बरोबर." त्यानंतर तिला 'परत बघ' असं कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाला मात्र रोज ऐकावं लागायचं. तो बिचारा खुणा बघायच्या आधीच पाना घेऊन गाडीखाली शिरायला निघायचा, म्हणून त्याचं नाव पडलं पान्या. आता तो सगळ्यांचा नाना झाला होता, पण आत्याच्या तोंडी पान्याच होता.

त्यांची स्वतःची गाडी आली तेव्हा आत्या सोळा वर्षांची होती. जहाजावरून उतरवताना आपटलेली, कुणी घेईना अशी एक चिमुकली जपानी जीप. सुझुकीची, एकाहत्तर सालची, पहिल्या घडणीची. तोंडावर आडव्या फटी. इंजिन एवढंसं, दोन सिलिंडरचं, वाऱ्यावर थंड होणारं, त्यामुळे रेडिएटरच नाही. मागे एकच माणूस बसणार, कारण शेजारची जागा स्टेपनीनं अडवलेली. चढावर रडायची पण चढायची. आप्पांनी तिला ठोकूनठाकून उभी केली, ब्रशनं निळा रंग दिला आणि किल्ली पोरीच्या हातात ठेवली. त्या काळात त्या गल्लीत गाडी चालवणारी ती एकटीच मुलगी होती, आणि त्याचा तोरा तिनं मनसोक्त मिरवला.

पुढे लग्न, नवऱ्याच्या बदल्या, दूरची गावं. आप्पा गेल्यावर वर्षभरानं ती माहेरी आली. फाटकातूनच बघते तो अंगणात एक राखाडी गाडी उभी. तोंडावर उभ्या फटी, फटींच्या मागे रेडिएटर. म्हणजे नंतरच्या घडणीची, पाण्यावर थंड होणारी. "आप्पांची कुठंय?" तिनं विचारलं. "ही कुणाची आणलीस?"

आणि पान्या हसला. गालभर हसला आणि म्हणाला, "परत बघ."

तिनं परत बघितलं नाही. "विकलीस ना," एवढं बोलून फाटकातूनच वळली. त्यानंतर लग्नकार्यात भेटी झाल्या, चारचौघांत दोन वाक्यं बोलणंही झालं, पण गॅरेजात पाय नाही. बाप जाऊन वर्ष होतंय न होतंय तोच त्याची गाडी विकली आणि वर मला हसतो, हे तिनं तीन दशकं सगळ्यांना सांगितलं. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. 'परत बघ' हे समोरचा चुकलेला असेल तरच म्हणायचं असतं, हे तिला फाटकातून वळतानाही माहीत होतं. म्हणूनच ती वळली होती.

"आत्या, उभी काय राहिलीस? ये की," भाची दारातून ओरडली. "तीन वाजून गेले!"

गॅरेज निम्मं रिकामं झालं होतं. भिंतींवर हत्यारांच्या जागी हत्यारांच्या आकाराचे फिकट डाग राहिले होते. दाराजवळ वहिनी, नानांची बायको, जुन्या डब्यांतले बोल्ट निवडत बसली होती. तिनं वर बघितल्या न बघितल्यासारखं केलं. "या ताई. वेळ मिळाला म्हणायचा."

"मिळाला," आत्या म्हणाली.

भाचा पुढे आला. गॅरेज आता तोच चालवायचा, अंगानं बापासारखाच उंच, बोलणं मोजकं. "हे बघ आत्या, मला तुला दुखवायचं नाही. पण नवीन जागा याच्या निम्मीसुद्धा नाही. ती गाडी दोन वर्षांपासून चालू नाहीये, नानांना दिसायचं कमी झालं तेव्हापासून. आणि खरं सांगू? ती कुठली एक गाडीच नाही. तीन गाड्यांची मिळून एक आहे."

"दादा, तू मध्ये बोलू नकोस," भाची म्हणाली. "ठरलंय ना आपलं? आत्या सांगेल ते."

"सांगेल की. मी फक्त ट्रक चारला येतो एवढं सांगतोय."

नाना आतल्या अंगाला एका उपड्या ड्रमवर बसले होते, हात मांडीवर ठेवून. काचबिंदूनं नजर नेली हे आत्याला ऐकून माहीत होतं. ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. ती समोर जाऊन उभी राहिली तरी त्यांचा चेहरा दाराकडेच होता. पान्याला एवढंसंही दिसत नाही, आणि हे तिला भाचीनं फोनवर सांगावं?

"पान्या," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा आवाजाकडे वळला. "आलीस ताई? बस. नाही, बसू नको. आधी बघ."

"तू सांगत का नाहीस सरळ?"

"मी कसं सांगू?" नाना म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच तो प्रश्न पडल्यासारखा वाटला.

भाच्यानं ताडपत्री ओढली. धूळ उडाली, वहिनी खोकली आणि गाडी उघडी पडली. केवढीशी होती! आत्याच्या आठवणीत ती जरा मोठी झाली होती. चार चाकांवर एक पेटी, बस. राखाडी रंगाचे पोपडे आले होते. आणि तोंडावर त्याच उभ्या फटी. क्षणभर वाटलं, झालं, आपण बरोबर होतो. आणि गंमत म्हणजे त्यात आनंद अजिबात नव्हता. आपण बरोबर असलो तर तासाभरात ही कापली जाणार, आणि भावानं खरंच विकली होती हे कायमचं ठरणार.

"तोंड बघत नाही मी," ती मोठ्यानं म्हणाली. "तोंड बघून एकदा बोलून झालंय. मागून सुरू करते."

"चॅसीचा नंबर बघून एका मिनिटात..." भाचा म्हणाला.

"खबरदार," आत्या आणि नाना एकदमच म्हणाले.

वहिनीच्या हातातला बोल्ट डब्यात पडला. "बघितलंत?" ती कुणालाही उद्देशून नाही अशी बोलली. "आहेत की नाहीत एका आईची लेकरं?"

"नंबर नाहीच आहे म्हणा," भाची हळूच म्हणाली. "मी शोधला होता चोरून. त्या जागी ठिगळ आहे पत्र्याचं."

आत्यानं तिच्याकडे असं बघितलं की पोरीनं जीभ चावली. मग ती मागे गेली. "जागा तीनच. स्टेपनी आत."

"पण आत्या, उभ्या फटींच्या घडणीतही बऱ्याच गाड्यांना स्टेपनी आतच होती," भाची म्हणाली. तिला ते बोलताना जड गेलं, पण बोलली. खोटी खूण चालवून घेणारी नव्हती, तेवढा आप्पांचा बाणा उतरला होता तिच्यात.

"खरंय. ही धरू नको." आत्यानं मागच्या फाळक्याची कडी काढली. फाळका खाली आला आणि दोन साखळ्यांवर लटकला. ती दोन पावलं मागे सरली, मान तिरकी करून बघितलं आणि तिच्या तोंडातून हसू फुटलं. फाळका डावीकडे वर, उजवीकडे खाली होता. "मोज बरं," ती भाचीला म्हणाली. "कड्या मोज दोन्हीकडच्या."

"डावीकडे अकरा. उजवीकडे... बारा."

"आप्पांनी जहाजाच्या साखळीतून तोडल्या होत्या. मोजायला चुकले. आई म्हणाली, नीट करा. आप्पा म्हणाले, आता लावल्या. आयुष्यभर आमचं सगळं सामान उजवीकडे घरंगळायचं. एकदा रंगाचा अख्खा डबा गेला रस्त्यावर." तिनं डावीकडची आखूड साखळी मुठीत धरली. गार, गंजलेली, खरखरीत साखळी. बापाचा हात लागलेली वस्तू हातात आली आणि तिला वाटलं, आता डोळ्यांतून पाणी येणार. आलंच. तिनं पुसायचीही तसदी घेतली नाही. "एक खूण झाली."

नाना ड्रमवर जरा पुढे सरकून बसले.

बॉनेट तिनं स्वतः उचललं, भाची पुढे आली तरी तिला हात लावू दिला नाही. आतलं इंजिन बघून तिनं नाक मुरडलं. पाण्याचे पाइप, रेडिएटर, सगळं परकं. पुढचं तोंड मडगार्डांना जिथं जोडलं होतं तिथं वेल्डिंगची रेघ दिसत होती, सरळ, बारीक, जपून ओढलेली. तिनं बॉनेटच्या आतल्या बाजूला बोटं फिरवली. राखाडी रंग आतपर्यंत गेलाच नव्हता. आतली बाजू निळी होती. जाड, ओबडधोबड निळी.

"उजेड दाखव." भाचीनं मोबाइलचा दिवा धरला. आत्याचं बोट एका जागी थांबलं, मागे आलं, परत गेलं. रंगात एक केस अडकला होता. ब्रशचा. त्याच्या पलीकडे आणखी एक. "होडीचा रंग होता तो. ब्रशपण होडीचाच. केस गळायचे त्याचे. मी म्हटलं, आप्पा, केस राहतायत रंगात. म्हणाले, राहू देत, तेवढाच पत्रा मजबूत." ती हसत होती आणि नाक ओढत होती. "आता वाळून दगड झालेत. पन्नास वर्षं, गं. पन्नास वर्षं तो केस तिथंच आहे."

भाचीनं वाकून बघितलं. जन्मापासून ही गाडी तिच्या डोळ्यांसमोर होती. सुट्या भागांच्या शंभर याद्या तिला तोंडपाठ होत्या, आणि बॉनेटखाली तिचा आजोबा होता हे तिला आज कळत होतं.

"दोन खुणा," आत्या म्हणाली.

भाच्यानं घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त खरं काय ते हवं होतं. "आत्या, राग मानू नकोस. फाळका काढता येतो. बॉनेट काढता येतं. जुन्या गाडीचे हे दोन नग ठेवून नानांनी दुसऱ्या गाडीला लावले असतील, आठवण म्हणून. मी स्वतः केलेत असे उद्योग, गिऱ्हाइकांसाठी. मग ही त्यांची गाडी झाली का?"

प्रश्न रास्त होता. तोंड दुसरं, इंजिन दुसरं, रंग दुसरा. मग गाडी म्हणजे नेमकं काय? आत्यानं भावाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली होती. त्याला उत्तर माहीत असणार, आणि तरी तो असा बसला होता जणू निकाल त्याचाच लागायचा आहे.

"पावणेचार," वहिनी म्हणाली. मग तिनं डबा बाजूला सारला आणि उठली. "ताई, मी एक बोलू? मला तुमच्या गाड्यांतलं काही कळत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, ही अमकी, ती तमकी. मला सगळ्या सारख्या. पण तुम्ही फाटकातून गेलात ना, त्या दिवसापासून हा माणूस रोज संध्याकाळी या गाडीशी येऊन उभा राहायचा. मी म्हणायचे, जाऊन सांगा एकदा ताईंना काय ते. तर म्हणायचा, मी सांगून उपयोग नाही. तिनं बघायला पाहिजे. एकतीस वर्षं मी तुमच्यावर चिडलेय. आज तुम्हाला त्या साखळीला धरून रडताना बघितलं आणि माझा राग कुठं गेला मला समजेना. तुम्ही घाई करू नका. ट्रक थांबेल बाहेर. मी बघते त्याला."

"अगं आई..." भाचा म्हणाला.

"तू गप्प. चावी कुठंय? तिसरी खूण कानाची असते ना? चालू करून दाखव त्यांना."

"दोन वर्षं चालू नाही म्हटलं ना. आणि इंजिन बदललंय, आवाज कसा जुळेल?"

"तरीही," आत्या म्हणाली. "बसते तर."

ती पायरीला पाय लावून चढली. पासष्टी ओलांडलेली बाई, गुडघ्यांची कुरकुर, एका हातानं स्टिअरिंग धरून, दुसऱ्यानं भाचीचा खांदा. आणि सीटवर बसली.



पाय क्लचवर गेला. ताणावं लागलं नाही, पुढे सरकावं लागलं नाही. नुसता गेला. दुसरा ब्रेकवर गेला. कोपरं दुमडली गेली ती बरोबर, स्टिअरिंग छातीपासून वीतभर. आयुष्यात तिनं किती गाड्या चालवल्या असतील. प्रत्येक गाडीत पाठीमागे उशी घ्यावी लागायची, कारण उंची पाच फूटसुद्धा धड नाही. इथं उशी नव्हती. तिनं सीटखाली हात घातला. सरकवायचा खटका तिथं नव्हताच. त्या जागी वेल्डिंग होतं, दोन्ही बाजूंना. गाठीगाठींचं, जाडंभरडं, घाईचं. पुढच्या तोंडावरची ती सरळ बारीक रेघ पान्याची होती, त्याचा हात कायम नेटका. हा हात आप्पांचा होता.

"ही सीट..." तिनं सीटच्या कडेवरून हात फिरवला.

"तिचं नाव काढू नकोस," भाचा म्हणाला. "आमच्या गुडघ्यांचं वाटोळं त्या सीटनं केलंय. सहा फुटांची माणसं आम्ही. बसायचं तर गुडघे हनुवटीला. मी कितीदा म्हटलं, नाना, दोन मिनिटांचं काम, कापून मागे घेतो. इंजिन बदललं, तळाचा पत्रा दोनदा बदलला, पण सीट तळातून अलगद काढायची आणि परत त्याच मापाच्या भोकांवर बसवायची. एक सूतही हलवायची नाही. त्यांनी स्वतः एकोणतीस वर्षं तशीच चालवली, दुमडून." बोलता बोलता तो थांबला. त्यानं सीटकडे बघितलं, सीटवर बसलेल्या एवढ्याशा आत्याकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अरे देवा," तो म्हणाला.

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि दाराकडे चालत गेला. "हॅलो? हां, मीच. ट्रक मागे वळवा. नाही, नाही मिळणार. मालक आल्यात."

आत्याला ते नीट ऐकूही आलं नाही. सोळा वर्षांची पोरगी चालवायला शिकणार म्हणून बापानं सीट पुढे आणून कायमची जोडून टाकली होती, हे ती विसरूनही गेली होती. इतकं सोयीचं होतं की ते मुद्दाम केलेलं आहे हेच कधी लक्षात राहिलं नाही. आणि भाऊ? सहा फुटांचा भाऊ. नवं इंजिन, नवं तोंड, नवा रंग, सगळं बदलता बदलता त्यानं तिची जागा तेवढी तिच्या मापाची ठेवली होती. ती येईल म्हणून. आज येईल, उद्या येईल, म्हणून. तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि आवाज न दाबता रडली. भाची तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

जरा वेळानं तिनं डोकं वर केलं आणि आप्पांपुढे भिंतीवरून बोलायची तशी, सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशी बोलली. "मागची खूण, फाळक्याची साखळी. पुढची खूण, बॉनेटचा रंग. कान नाही चालला, म्हणून तिसरी खूण सीट. सुझुकी, एकाहत्तर सालची, वाऱ्यावर थंड होणारी होती, आता नाही. तोंड दुसऱ्या गाडीचं. गाडी आपली."

नाना उठून उभे राहिले. "नक्की?"

"नक्की."

"परत एकदा विचार करून सांग ताई. माझ्यासाठी म्हणून सांगू नको. इंजिन राहिलं नाही तिचं. जळून गेलं होतं, आप्पा गेले त्याच महिन्यात. नवं मिळेना कुठं. मग पाण्याचं मिळालं, तर रेडिएटर बसेना, म्हणून तोंड कापलं. तुला चालू गाडी दाखवायची होती गं. महिनाभर खपलो. आणि तू फाटकातून बघून म्हणालीस, ही कुणाची."

"मग सांगायचंस ना रे! कायदा गेला खड्ड्यात!"

"कायद्यासाठी नाही थांबलो," नाना म्हणाले. त्यांचे हात कशावर ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "पहिले दोन दिवस थांबलो असेन. हसलोसुद्धा, येईल परत, म्हटलं. मग मला भीती वाटायला लागली. तू कधी चुकत नव्हतीस. लहानपणापासून माझं चुकायचं, तुझं नाही. तू बघितलंस आणि म्हणालीस ही आपली नव्हे. म्हणजे नसणारच. मलाच वाटलं, मी कापून कापून आप्पांची गाडी संपवली. उरलंय ते दुसरंच काहीतरी, आणि मी ते त्यांचं म्हणून जपतोय. कोणत्या तोंडानं तुला सांगणार होतो की ही आपली आहे? मलाच माहीत नव्हतं."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. रागाच्या भरात, एका नजरेत फेकलेलं एक वाक्य. ती ते घेऊन गावोगाव भांडत हिंडली होती, आणि इकडे या माणसानं ते खरं मानून एकतीस वर्षं उरावर वागवलं होतं. एवढा विश्वास कुणाचा कुणावर असतो का? तिला त्या विश्वासाचीच धडकी भरली.

ती खाली उतरली. भाचीनं आधार द्यायला हात पुढे केला तो तिनं घेतला नाही. भावापुढे जाऊन उभी राहिली, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तळवे अजून तसेच, खरबरीत, नखांत काळं. मान मागे टाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागत होतं, इतका तो उंच होता, आणि डोळे मात्र तिच्या डोक्यावरून पलीकडे कुठंतरी लागलेले.

"चुकले," ती म्हणाली.

वहिनी, भाचा, भाची, तिघंही जागच्या जागी थांबले. हा शब्द या बाईच्या तोंडून त्यांच्यापैकी कुणीही ऐकलेला नव्हता.

"काय म्हणालीस?" नानांनी मान खाली वाकवली.

"ऐकलंस तू."

"नाही ऐकलं नीट."

"चुकले, पान्या. एका नजरेत बोलले आणि चुकले. कळत असूनही परत आले नाही. तू काहीही संपवलं नाहीस. सगळं आहे, जिथल्या तिथं आहे."

नानांनी एक हात सोडवून घेतला, चाचपडत तिच्या खांद्यावर ठेवला, मग डोक्यावर. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

"बरोबर," ते म्हणाले.